लाल गट

दोन दिवसांपुरता मी शत्रू होतो.
हुकूम लेखी होता: हवालदार पागी, किनारी पोलीस, लाल गट.
वास्कोच्या हॉलमध्ये आम्हा सहा जणांना
एकेक बिस्किटांचा खोका मिळाला,
वर मार्करने लिहिलेलं: बॉम्ब.
आतली बिस्किटं कुणीतरी आधीच खाल्ली होती.

भिंतीवर सगळं जग लावलेलं.
वाळवंटातून, डोंगरांतून, कुठल्या कुठल्या बंदरांतून
लाल बाण निघालेले
आणि कमांडरसाहेबांची काठी त्यांच्या मागोमाग,
सावकाश, मास्तर नदीचा उगम दाखवतात तशी.
पैसा इथून. माणूस इथून. होडी इथून.
शेवटचा बाण येऊन थांबला एका खाचेत
जिथं नाव छापायला नकाशात जागा नव्हती.
मला नाव माहीत होतं.
तळपण. माझी नाळ तिथं पुरलीय.

शत्रूसारखा विचार करा, साहेब म्हणाले.
मी केला.
नदीच्या तोंडाशी वाळूचा दांडा कुठं सरकतो,
गस्तीची बोट कुठं तळ घासेल म्हणून येत नाही,
सुरूच्या बनातल्या कुठल्या वाटेवर कुत्रं नसतं,
गालजीबागला कासवांच्या अंड्यांवर राखण बसलेली पोरं
पहाटे चारला कशी हटकून पेंगतात.
एवढं शत्रूला कोण सांगणार?
कुणीतरी सांगतंच, साहेब म्हणाले.

पावणेपाचला उतरलो. गुडघाभर पाणी.
खोका डोक्यावर, लहानपणी नदी ओलांडताना दप्तर धरायचो तसा.
ओहोटीच्या वाळूत भागीमाय तिसऱ्या वेचत होती
कंबरेत वाकून, बॅटरी दातांत धरून.
तिनं उजेड माझ्या तोंडावर मारला
आणि लगेच खाली घेतला.
"तुकल्याचो पूत मरे तूं? इतल्या सकाळीं खंय?"
घरी, मी म्हटलं.
मागच्या पाच जणांकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.
माझ्याबरोबर आलेत म्हणजे माझेच.

सहा चाळीसला पुलाच्या दुसऱ्या खांबाला खोके टेकवले,
फोटो काढून वर पाठवला.

गुरुवारी निष्कर्ष.
पूल गेला. बाजार गेला. मृत एकोणचाळीस, कागदावर.
यादी लाल गटानंच भरायची असते:
नाव, वय, ठिकाण.
मी भागीमायचं नाव घातलं.
वय ठाऊक नव्हतं. सत्तर लिहिलं,
मग खोडून अडुसष्ट केलं,
त्यानं काही वाचणार असल्यासारखं.
साहेब यादी वाचून बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
"ओळखीचा चेहरा," ते म्हणाले, "सगळ्यात रुंद दार."
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चहा आला.

मग वर्षभर सभा. फोनचा नंबर पत्र्यावर रंगवला.
भागीमायला शिट्टी दिली, नारिंगी जाकीट दिलं,
जे ती गालमो सुकवताना घालते, ऊन लागत नाही म्हणते.
ओळखीचा असला तरी विचारायचं,
हे मीच शिकवलं, तिच्याच अंगणात बसून,
साहेबांचे शब्द कोंकणीत करून.
त्या दिवशी मी तुला मारलं, हे मात्र सांगितलं नाही.

फोन सुरू झाले.
मालप्याचा ट्रॉलर. पोहायला उतरलेले दोन रशियन.
काळोखात बसलेलं लग्नाचं नवं जोडपं.
एकदा तर तिचा स्वतःचा जावई, नवीन मोटरसायकलसकट.
ठाण्यात हसले, मग वैतागले.
मी म्हटलं, नोंद करा.

परवा रजेवर घरी गेलो.
बसमधून उतरून वाळूच्या वाटेला लागलो
तशी भागीमाय उठून उभी राहिली.
तोंडाकडे नाही, आधी पिशवीकडे बघितलं.
मी न सांगता चेन उघडली.
"सकयल किदें?"
खाली कपडे.
"दाखय."
तिचा ओला हात तळापर्यंत गेला, कोपरे चाचपून आला.
दोनदा धुतले,
शर्टांना गालम्याचा वास अजून आहे.